डिस्प्ले जातो-येतो

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आत्या पोलादपूरहून एसटीने महाडला आली ती मांडीवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन. आत जुनी चादर, वरून खताच्या गोणीचं प्लास्टिक, त्यावर सुतळी. तक्रार एवढीच, की डिस्प्ले जातो-येतो. काम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येते. दिवसातून एखाद्या वेळी होतं, कधी दोनदा, कधी एकदाही नाही. दुकानात दोन दिवस मशिन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवलं. एकदाही काळं झालं नाही. दुकानदाराने सरळ सांगितलं, "मावशी, यात काही सापडत नाही. पाहिजे तर फॉर्मॅट मारून देतो." आत्याने नको म्हटलं, कारण नातीच्या बारावीच्या सगळ्या नोट्स त्यात होत्या. कॅबिनेट पुन्हा मांडीवर बसून वीसेक किलोमीटर परत गेलं, आणि त्याच संध्याकाळी साडेसातला स्क्रीन काळी झाली.

अशा वेळी आपण म्हणतो, यंत्र लहरी आहे, किंवा म्हणतो, दुकानदाराला काही कळत नाही. मला दोन्ही पटत नाही. विमानांच्या देखभालीतही हा प्रकार नेहमीचा आहे. उडत असताना वैमानिक तक्रार नोंदवतो, जमिनीवर तो भाग काढून तपासला तर ठणठणीत निघतो, आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. दोष खोटा नसतो. तो दिसायला एक विशिष्ट परिस्थिती लागते, थंडी, धक्का, ओल, ऊब, आणि ती तपासणीच्या टेबलावर नसते. आत्याच्या बाबतीत तर गोष्ट आणखी साधी होती. दुकानात गेलं होतं फक्त कॅबिनेट. मॉनिटर, केबल, केबलच्या टोकाचा कनव्हर्टर, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतला सॉकेट, टेबल, खुर्ची आणि पोलादपूरची हवा हे सगळं घरीच राहिलं होतं. दोषही त्यांच्याबरोबर घरीच राहिला असणार, असं मला वाटलं.

म्हणून मी म्हणते, की कायमच्या बिघाडात मेकॅनिक आपल्यापेक्षा शहाणा असतो, पण जातो-येतो प्रकारच्या बिघाडात घरचा माणूस त्याच्यापेक्षा जवळ असतो. दोष ज्या घरात राहतो त्या घरात तोही राहतो. त्याला फक्त बघायचं काय ते ठाऊक हवं.

पहिली गोष्ट बघायची ती नेमकी काळोखाच्या क्षणी. स्क्रीन काळी झाली की आपण घाबरून माऊस हलवतो, मॉनिटरला टपली मारतो, आणि तेवढ्यात चित्र परत येतं. पुरावा गेला. त्याऐवजी हात मांडीवर ठेवून मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या बारीक दिव्याकडे बघावं. काळोख तीन तऱ्हेचा असतो. दिवासुद्धा विझला, तर मॉनिटरची वीजच गेली आहे. म्हणजे पॉवर कॉर्ड मागे ढिली आहे, बोर्डाच्या सॉकेटमधली पितळी पाती पसरली आहे, किंवा मॉनिटरचा अॅडाप्टर थकला आहे. दिवा चालू आहे आणि पडद्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी फिरते, किंवा दिव्याचा रंग बदलून नारिंगी होतो, तर मॉनिटर धडधाकट आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही, एवढाच प्रश्न. आणि दिवा नेहमीच्याच रंगाचा, पाटी नाही, तरी पडदा काळा, तर मागचा उजेड गेलेला असू शकतो.

हा तिसरा प्रकार लोकांना नवलाचा वाटतो. एलसीडी पडद्यातल्या द्रवस्फटिकांना स्वतःचा प्रकाश नसतो. ते फक्त झडपा उघडतात आणि मिटतात. प्रकाश येतो मागच्या दिव्यांकडून. जुन्या मॉनिटरमध्ये ते दिवे ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्यांचे असत, आता एलईडी असतात. मागचा दिवा विझला तरी झडपा आपलं काम करतच असतात. खोली अंधारी करून मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरली तर काळ्या पडद्यात चिन्हं, खिडक्या, अक्षरं पुसट दिसतात. एवढ्या एका परीक्षेने कॅबिनेट, केबल आणि विंडोज तिन्ही संशयातून सुटतात. नळीच्या जुन्या मॉनिटरची आणखी एक खूण आहे. चालू केल्यावर दोन सेकंद उजेड येतो आणि विझतो, बंद-चालू केलं की पुन्हा दोन सेकंद. नळी थकली की आतलं संरक्षण तिचा पुरवठा तोडतं, म्हणून हे होतं.

मी आत्याला फोनवर हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अगं, दिवा चालू राहतो आणि इंग्रजीत काहीतरी पाटी फिरते. आणि व्हिडिओतल्या सरांचा आवाज बंद होत नाही, ते बोलतच राहतात." आत्याने न विचारता दिलेली ही दुसरी माहिती पहिलीपेक्षाही मोलाची होती. आवाज चालू राहिला याचा अर्थ कॅबिनेटला वीज होती, मदरबोर्ड चालू होता, रॅम शाबूत होती. मग शोधायची जागा उरली ती कॅबिनेटच्या पाठीपासून मॉनिटरच्या पाठीपर्यंतची, दीड मीटरची. अर्थात ग्राफिक्सचा भाग किंवा त्याचा ड्रायव्हर कोलमडला तरी आवाज चालू राहू शकतो, म्हणून तेवढा एक संशय मी बाजूला काढून ठेवला.

त्या दीड मीटरमध्ये काय होतं ते सांगते. मॉनिटर जुना, त्याला मागे निळं व्हीजीए. कॅबिनेट नवं, त्याला फक्त एचडीएमआय. मध्ये थोडक्या पैशांत मिळणारा, काडीपेटीपेक्षा थोडा मोठा काळा कनव्हर्टर. आपल्याकडे घरोघरी हीच जोडणी दिसते, कारण चालू मॉनिटर टाकून द्यायला कोणाचं मन होत नाही, आणि ते योग्यच आहे. पण या जोडणीत दोन पिढ्या एकमेकींच्या गळ्यात बांधलेल्या असतात. व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आणलं. तीन ओळींत १५ पिना, दोन्ही बाजूंना आवळायचे स्क्रू. एचडीएमआय आलं २००२ च्या अखेरीस. त्याला स्क्रू नाही, खटका नाही. ते केवळ घर्षणाने धरून बसतं.

दोघांचं आजारपणही वेगळं असतं. व्हीजीएत लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून चढत्या-उतरत्या दाबाच्या रूपात जातात. एक तार ढिली झाली तर चित्र जात नाही, रंग बिघडतो. लाल गेला तर सगळं निळसर-हिरवट, निळा गेला तर पिवळं, हिरवा गेला तर जांभळट-गुलाबी. केबल जराशी हलवून रंग परत आला तर पिन वाकलेली आहे किंवा स्क्रू सैल आहे, आणि ते घरच्या घरी नीट होतं. एचडीएमआयमधून मात्र आकडे जातात. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर केबलमधून सेकंदाला सुमारे ४४५ कोटी बिट धावतात. चार-दोन चुकले तर पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात. जास्त चुकले तर दोन्ही टोकांची ओळखच तुटते, पडदा काळा होतो, मग दोन-तीन सेकंदांत ती टोकं एकमेकांना नव्याने ओळखतात आणि चित्र परत येतं. आत्याच्या स्क्रीनला लागत होते ते दोन-तीन सेकंद हेच असावेत, असा माझा कयास होता.

इथे एक परीक्षा कामाची आहे. सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट उतरवायचा. केबल किंवा जोड कमजोर असेल तर ओझं कमी झाल्याबरोबर काळं होणं थांबतं किंवा बरंच कमी होतं. नवा ४के टीव्ही घेतल्यावर जुनी केबल एकाएकी खराब निघते याचंही कारण तेच. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला फुल एचडीच्या चौपट वेग लागतो. केबल पूर्वीइतकीच चांगली असते, काम चौपट झालेलं असतं.

आता वहीबद्दल. नातीला मी एक जुनी दोनशे पानी वही घ्यायला लावली आणि रकाने आखायला सांगितले. तारीख, वेळ, खुर्चीवर कोण, स्क्रीनवर काय चालू होतं, मॉनिटरचा दिवा, आवाज, घरात दुसरं काय चालू होतं, पाऊस. दहा दिवसांत दहा नोंदी झाल्या. मी शनिवारी गेले तेव्हा वही माझ्यापुढे उघडी होती, आणि आत्याचा निष्कर्ष तयार होता. दहापैकी आठ नोंदी संध्याकाळी सात ते साडेनऊच्या, आणि आठांपैकी सहा वेळा विहिरीचा पंप चालू होता. "पंपाची मोटार वीज ओढते, म्हणून स्क्रीन जाते," असं आत्या म्हणाली.

ऐकायला ते बरोबर वाटतं, आणि पंपाच्या धक्क्याने दिवे मंदावतात हेही खरं. पण आपल्या न्यायशास्त्राने यासाठी फार जुनी आणि फार नेमकी शिस्त सांगून ठेवली आहे. ती म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय कार्यकारण मानायचं नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये तर्कशास्त्राच्या आपल्या ग्रंथात जवळपास हेच नियम मांडले. जातो-येतो बिघाडात लोक अन्वयावरच थांबतात. पंप चालू आणि स्क्रीन काळी, झालं सिद्ध. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि आपण कावळ्याला धरतो.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही व्यतिरेक केला. कॉम्प्युटर चालू ठेवला, टेबलापाशी कोणालाही बसू दिलं नाही, स्क्रीनवर लांबलचक व्हिडिओ लावला आणि दारात बसून पंप वीस वेळा चालू-बंद केला. खोलीतला दिवा लुकलुकला. स्क्रीन एकदाही गेली नाही. मग पंप बंद ठेवून नात अभ्यासाला बसली. पाऊण तासात स्क्रीन गेली. पंप सुटला. संध्याकाळचा पंप आणि संध्याकाळचा अभ्यास एकाच वेळी होत होते, एवढंच त्यांचं नातं.

विजेविषयी बोलतेच आहे तर जरा थांबते, कारण आपल्या भागात प्रत्येक बिघाडाचा पहिला आरोप विजेवर जातो. कमी दाब हा वाटतो तेवढा मोठा गुन्हेगार नाही. मॉनिटरच्या अॅडाप्टरवर बघा, बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. दाब १८० वर आला तरी तो चालतो. त्रास होतो तो क्षणभर वीज पूर्ण तुटल्याने. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, आणि कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पूर्ण भारावर असताना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला बदल करायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणूनच त्याच्या मागे 'यूपीएस' असं लिहिलेलं बटण असतं, ते दाबलेलं असलं तर बदल झटपट होतो. पण विजेच्या अशा झटक्याने कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, नुसती स्क्रीन जाऊन परत येत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात.

अर्थिंगचं मात्र मनावर घ्या. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असं कितीतरी घरांत ऐकलंय. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मध्ये लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण अशा पत्र्याला जोडलेली केबल चालू अवस्थेत टीव्हीत किंवा मॉनिटरमध्ये खोचली की तो दाब पोर्टच्या नाजूक सर्किटमधून वाट काढतो. पोर्ट दर वेळी एकदम जळत नाही, कधी कधी अर्धवट दुखावतं, आणि मग डिस्प्ले जातो-येतो. केबल काढताना-घालताना दोन्ही बाजूंची बटणं बंद करावीत, आणि वायरमनला बोलावून अर्थ बघून घ्यावा. व्हीजीएवर अर्थिंगचा दोष आडव्या, सावकाश वर सरकणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतो.

संशयितांत राहिला होता विंडोज आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर. 'फॉर्मॅट मारा' हा सल्ला देण्याआधी दहा मिनिटांचं काम आहे. मशिन चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या पडद्यावर जायचं आणि तो तसाच ठेवायचा. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही. स्क्रीन तिथेही गेली, तर विंडोज निर्दोष. एक लक्षात ठेवा, इथे गेली तर सिद्ध झालं, पण नाही गेली म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कदाचित तिची वेळ आली नसेल. विंडोजमध्येच असताना स्क्रीन थरथरत असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघावं. तोही बाकीच्यांबरोबर थरथरला तर संशय ड्रायव्हरवर, तो स्थिर राहून बाकीचं थरथरलं तर एखाद्या अॅपवर. ड्रायव्हर खरंच अडकला असेल तर विंडोज दोन सेकंद वाट बघून त्याला पुन्हा उभं करतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद लिहून ठेवतं. वहीतली वेळ आणि ती नोंद जुळली, की चोर सापडला. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली तर ड्रायव्हर हाताने पुन्हा चालू करता येतो, काम बंद न करता. आत्याच्या मशिनमध्ये ४१०१ ची एकही नोंद नव्हती, आणि रविवारी सकाळी नात टेबलापाशी बसलेली असताना बायोसच्या पडद्यावरच स्क्रीन गेली. संशय पुन्हा त्या दीड मीटरवर येऊन थांबला.

आमच्याकडच्या हवेचा यात हात असतो, आणि तो मला नीट सांगायचा आहे, कारण पुण्या-मुंबईच्या माहितीत तो येत नाही. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, वर महाबळेश्वरला त्याहून कितीतरी जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये काडी पेटत नाही, पापड सादळतात, चपलांवर बुरशी धरते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. मिठाचं कारण शास्त्राला नेमकं माहीत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. आता कॅबिनेटमधली धूळ बघा. तिच्यात क्षार असतात, घामाचं मीठ असतं. उन्हाळाभर ती कोरडी, निरुपद्रवी बसलेली असते. पावसाळ्यात तीच धूळ बरणीतल्या मिठासारखी ओली होते आणि दोन पिनांच्या मध्ये वीज वाहून न्यायला लागते. म्हणून आमच्याकडे कॅबिनेट साफ करायचा महिना मे आहे. छपराला, कौलांना आपण मे महिन्यात हात लावतो, त्याबरोबर कॅबिनेटचाही नंबर लावावा. कुंभारीण माशी रिकाम्या पोर्टमध्ये आणि जाळ्यांमध्ये मातीचं घर बांधते, तेही त्या वेळी दिसतं. पावसाळ्यात मात्र दिवसातून तासभर मशिन चालवावंच. त्याची स्वतःची ऊब ओल हाकलते.

दुसरी गोष्ट जोडांची. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसलाय असं आपल्याला वाटतं, पण मशिन तापताना आणि निवताना, टेबल हादरताना, धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर केसाहून बारीक अंतर सरकत असतात. कथिलाचा मुलामा असेल तर प्रत्येक सरकण्यात थोडा ऑक्साइड तयार होतो, त्याची भुकटी मध्ये साठते आणि संपर्क कधी लागतो, कधी तुटतो. सोन्याला हे होत नाही, म्हणून चांगल्या जोडांना सोन्याचा पातळ थर देतात. केबल काढून पुन्हा घातली की महिनाभर बरं चालतं त्याचं रहस्य हेच. घासून भुकटी बाजूला झालेली असते. रॅम खोडरबराने घासण्यामागेही हेच आहे, फक्त खोडरबर खरखरीत असतो आणि सोन्याचा थरही थोडा थोडा घेऊन जातो. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसणं जास्त चांगलं.

२०२१ च्या २२ जुलैचा उल्लेख केल्याशिवाय महाडात ओलीविषयी लिहिता येत नाही. वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि सावित्री, गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्या पुरात बुडालेल्या यंत्रांचं दुःख माणसांच्या दुःखापुढे कोणी मोजलं नाही, ते बरोबरच होतं. पण तेव्हापासून एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले आहे. भिजलेलं यंत्र पाण्याने तितकं मरत नाही, जितकं ओलं असताना दिलेल्या विजेने मरतं. ओल आणि वीज एकत्र आली की तांबं एका पिनेवरून विरघळून दुसऱ्या पिनेवर बसतं आणि तिथून झाडाच्या फांद्यांसारखं वाढत जातं. त्यामुळे 'चालतंय का बघू' म्हणून बटण दाबायचं नाही. आधी चिखल काढायचा, मग पूर्ण वाळवायचं, आणि तोपर्यंत प्लगसुद्धा लावायचा नाही. जी यंत्रं वरच्या मजल्यावर वाचली पण वीज नसल्यामुळे कित्येक दिवस दमट खोलीत बंद पडून राहिली, त्यांतही पुढे असे जातो-येतो आजार उपटू शकतात.

उबेचा आणि गारठ्याचाही धडा आहे. सकाळी चालू केल्यावर लुकलुकतो आणि अर्ध्या तासाने शांत होतो असा जुना मॉनिटर बहुधा आतल्या कपॅसिटरने त्रस्त असतो. त्यांच्यातला द्रव सुकत आलेला असतो, आणि गार असताना त्यांचा आतला अडथळा वाढतो, तापल्यावर कमी होतो. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरांची साथच आली होती, वरचं टोपण फुगलेले ते डबे त्या काळच्या मदरबोर्डांवर अजून दिसतात. उलट सुरुवातीला नीट आणि तासाभराने बिघडणारं मशिन तापण्याशी जोडलेलं असतं, पंखा, धूळ, ग्राफिक्स कार्डाची सुकलेली पेस्ट. मॉनिटर मात्र घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. लॅपटॉपवाल्यांनी झाकणाचा कोन बदलून बघावा. एका विशिष्ट कोनात स्क्रीन जात असेल तर बिजागरीतून जाणारी पट्टी झिजली आहे, आणि बाहेरचा मॉनिटर जोडून चित्र स्थिर राहिलं तर तेच नक्की झालं.

परत पोलादपूरला. संशय केबलवर आला तेव्हा मी माझी चांगली व्हीजीए केबल घालून आले. रविवारची संध्याकाळ शांत, सोमवार शांत. मंगळवारी सकाळी आत्याने आनंदाने फोन केला, झालं नीट. मी म्हटलं, "आत्या, अजून थांब." कारण सरासरी दिवसाला एकदा येणारा दोष दोन दिवस नुसत्या योगायोगाने दिसला नाही, याची शक्यता सातात एक एवढी असते. ती काही कमी नाही. तीन दिवसांत ती वीसात एक होते. दोन खेपांमधलं सरासरी अंतर जेवढं, त्याच्या तिप्पट काळ स्वच्छ गेल्याशिवाय दुरुस्ती झाली म्हणायचं नाही, हा हिशोब मनात धरावा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या दोषाला तीन आठवडे थांबायचं. या काळात आणखी काही बदलायचंही नाही, एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर गुण कोणाचा ते कळत नाही. मंगळवारी रात्री आठला स्क्रीन गेली.

पुढच्या रविवारी मी टेबलाखाली बसले. पाऊस कौलांवर एकसारखा वाजत होता आणि नात वर टाइप करत होती. कॅबिनेट खाली जमिनीवर, त्याच्या पाठीत तो काळा कनव्हर्टर खोचलेला, त्याला जाडजूड व्हीजीए केबल दोन स्क्रूंनी आवळलेली. सगळ्या केबलचा भार कनव्हर्टरवर, आणि कनव्हर्टरचा भार एचडीएमआयच्या त्या खटका नसलेल्या खाचेवर. कनव्हर्टरला हात लावला तर तो चांगला कोमट होता. त्याला स्वतःची वीज नसते, एचडीएमआयमधल्या एका ५ व्होल्टच्या पिनेतून जे थेंबभर मिळतं त्यावर तो चालतो. ती पिन क्षणभर सुटली की तो मरतो आणि पुन्हा जन्मतो. मी बघत असताना नातीने पुस्तक ठेवायला जागा हवी म्हणून कीबोर्डचा ड्रॉवर आत ढकलला. ड्रॉवरची मागची फळी केबलला टेकली, केबल बोटभर वाकली, कनव्हर्टर भाताच्या दाण्याएवढा खाली झुकला. "गेली!" नात वरून ओरडली.

मी तिला ड्रॉवर पुन्हा बाहेर ओढायला आणि आत ढकलायला सांगितलं. दहा वेळा केलं, चार वेळा स्क्रीन गेली. प्रत्येक वेळी जात नव्हती, कारण कधी केबल फळीच्या वर राही, कधी खाली. मग केबल हाताने वर उचलून धरली आणि आणखी दहा वेळा केलं. एकदाही नाही. आत्या संध्याकाळी त्या टेबलापाशी नसे, म्हणून तिला पंप दिसला. नात दिवसभर कॉलेजात असे, म्हणून नोंदी संध्याकाळच्या. आणि महाडच्या दुकानातल्या टेबलाला ड्रॉवरच नव्हता.

कनव्हर्टर बदलला. नवा घेतला तो थेट ठोकळा नसलेला, वीतभर लवचीक वायरवाला, म्हणजे भार पोर्टवर येत नाही. केबल टेबलाच्या पायाला सुतळीने बांधली, कॅबिनेटच्या गोणीची सुतळी जपून ठेवलेली होती तीच. ड्रॉवरच्या मागे सुताराने लाकडाची पट्टी मारली, आता तो दोन बोटं अलीकडेच थांबतो. वही मात्र मी बंद करू दिली नाही. पुढचे दहा दिवस नातीने रोज तारीख घालून रकाना रिकामा सोडला, आणि अकराव्या दिवशी त्याच पानाच्या उरलेल्या अर्ध्यावर रसायनशास्त्राची समीकरणं सुरू झाली.